सध्यापुरतं

आमच्या घरमालकांच्या घरात कायमची अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे काकू. बाकी सगळं सध्यापुरतं होतं.

मी बदली होऊन वसमतला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच सकाळी मोरीतला नळ गळायला लागला. खाली जाऊन सांगितलं. घरमालक, म्हणजे काका, लगेच वर आले, खिशातून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी काढली, नळाच्या मानेला आवळून बांधली आणि म्हणाले, "सध्यापुरतं झालं, म्याडम. नवा नळ आणू पुढं." मी ती जागा सोडली तेव्हाही तीच पट्टी होती. मधल्या काळात माझा फ्रिज बदलला, कचेरीतले साहेब बदलले. पट्टी हलली नाही आणि नळातून थेंब गळला नाही.

काका पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, अंगात बाह्यांचा बनियन, कानावर पेन्सिल. नोकरीभर त्यांनी फायलीच हलवल्या, पण घरात कुठे पाइप फुटला की छाती काढून म्हणत, "पाण्याच्या खात्यातला माणूस आहे मी. पाण्याला भ्यायचं न्हाई." मोडकी वस्तू टाकून देणं त्यांना चालू गप्पांतून उठून जाण्याइतकं असभ्य वाटे. खिळा ठोकताना ते खिळ्याशी बोलत. "सरळ चाल बाबा. वाकू नको. नोकरी लागली तुला." वाकलाच तर उपटून, दगडावर ठोकून सरळ करत आणि पुन्हा रुजू करून घेत.

मिस्त्री मात्र घरात येऊ द्यायचा नाही. "मिस्त्री आला की घर त्याचं होतंय, आपण पाव्हणे," असं त्यांचं मत होतं.

मापाचा टेप होता, दारामागे टांगलेला. तो खाली उतरलेला मी कधी पाहिला नाही. काकांचं माप म्हणजे त्यांचं शरीर. वीत, हात, खांदा, कपाळ. फळी कुठे ठोकायची? हात वर केला की पोचेल तिथे. आरसा? डोळ्यांसमोर. कपडे वाळत घालायची तार? डोक्याला लागणार नाही अशी. ते सगळं बराबरच होतं, फक्त काकांना. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नसत. त्यामुळे त्यांचा लाकडी पाट घरभर त्यांच्यासोबत फिरायचा. डबा काढायचा, पाट. देवाला फूल वाहायचं, पाट. आरशात पाटाशिवाय त्यांना फक्त कपाळ दिसायचं.

"कुंकवापुरता आरसा दिलाय यांनी मला," त्या हसून सांगायच्या. "चेहरा बघायचा तं माहेरी जावं लागतंय."

माहेर जवळच, कुरुंद्याचं. हळदीचं शेत. घर बांधलं तेव्हा काकूंच्या वडिलांनी बांधावरचं सागाचं झाड तोडून पुढच्या दाराची चौकट करून दिली होती. तिचा उंबरठा चांगला जाडजूड, मध्ये पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. रोज सकाळी काकू त्याच्यापुढे बसायच्या, तो पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या, दोन ओळी रांगोळीच्या काढायच्या. मग उठताना आतल्या भिंतीचा आधार घ्यायच्या, हळदीच्याच हाताने. दाराशेजारी त्या भिंतीवर एक पिवळा ओघळ खालून वर चढत गेला होता.

त्या ओघळावरून दर दिवाळीला भांडण. काका चुन्याची सफेदी स्वतः भिजवून मारायचे. ओल्या चुन्याखालची हळद दुसऱ्या दिवशी तांबडी होऊन वर यायची. काका ओरडायचे, "अगं, भिंतीला काहून कुंकू लावून राहिलीस?" काकू म्हणायच्या, "मी हळद लावली. कुंकू तुमच्या चुन्यानं केलं." मग काका दुसरा हात मारायचे, ओघळ पुन्हा यायचा, पुढे वाळून पिवळा पडायचा आणि विषय पुढच्या दिवाळीपर्यंत मिटायचा.

एका दुपारी फळीवरचा डाळीचा डबा काढताना काकू पाटावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पुण्याहून मुलगा आला आणि आईजवळ थांबला. मी भेटायला गेले तेव्हा काकाही पलंगाशेजारी स्टुलावर बसलेले होते. मुलगा सगळं शांतपणे सांगत होता, पण ठरवून आल्यासारखं.

"बाबा, रविवारी घरी सोडणार आहेत. वॉकर लागेल. कमोड पाहिजे, धरायला दांडा पाहिजे, हाक मारायला बेल पाहिजे. पायात अडखळेल असं काही नको, उंबरठा तर नकोच. यातलं आपल्या घरात काय आहे?"

"करून घेतो."

"तुम्ही सध्यापुरतं कराल. आईचं हाड सध्यापुरतं बसवलेलं नाही."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा लावली. मुलगा म्हणाला, "मी रविवारी आधी घर बघणार. नीट नसेल तर गाडी तशीच पुण्याला."

डोळे मिटून पडलेल्या काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारून राहिलं का?"

दोघेही डॉक्टरांना भेटायला बाहेर गेले तेव्हा काकूंनी माझा हात धरला. "म्याडम, पोरगं चांगलं आहे. सूनबी चांगली आहे. पण त्यायच्या फ्लॅटला उंबरठाच न्हाई. सपाट फरशी, आतबी तीच, बाहेरबी तीच. सकाळी उठून मी करू काय तिथं?"

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत बसले होते. वसमत यायच्या आधी एवढंच म्हणाले, "ती फळी मी लावली होती."

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुण्याआधी ती फळी उपटली.

मला कोणतंही काम क्रम लावल्याशिवाय सुरू करता येत नाही. मी त्यांना कागदावर लिहून दिलं: तोडफोड आधी, मग पाणी, मग वीज, रंग सगळ्यात शेवटी. काकांनी कागद दोनदा वाचला, "लई शिस्तीत आहे," म्हणाले आणि सोमवारी सकाळी रंगापासून सुरुवात केली.

"काका, रंग शेवटी!"

"रंगाला वाळायला वेळ लागतो, म्याडम. शेवटी मारला तं वाळणार कधी?"

याला उत्तर होतं, पण तोवर त्यांनी पुढच्या दाराजवळची भिंत पांढरी केली होती.

त्या आठवड्यात त्यांनी आयुष्यातला एक मोठा नेम मोडला. मिस्त्री बोलावला. शेषराव मिस्त्री गल्लीच्या टोकाला राहायचे, वर्षानुवर्षं या घरावरून जाताना मान हलवत जायचे. ते दारात आले तेव्हा काकांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "या. आजपासून घर तुमचं, मी पाव्हणा."

"पाव्हण्यानं मग बसून राहावं," मिस्त्री म्हणाले.

पाव्हणा बसला नाही. मिस्त्री कमोड बसवत असताना काकांनी शेजारच्या भिंतीत दांड्यासाठी ड्रिल घातलं, ते थेट पाइपात. पाणी कारंज्यासारखं उडालं. मिस्त्री भिजले, सिमेंटचं पोतं भिजलं, बाजूच्या खोलीतल्या गाद्या भिजल्या. काका भोकावर अंगठा दाबून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "भ्यायचं न्हाई!" मी गच्चीवर पळत जाऊन टाकीचा कॉक बंद केला. खाली येऊन बघते तर काकांचा दुसरा हात खिशात सायकलची ट्यूब शोधत होता.

"काका, ट्यूब न्हाई," मिस्त्री म्हणाले. "या भिंतीत सध्यापुरतं काहीच न्हाई बसवणार मी."

कमोड बसला. मग कळलं की दार आत उघडतं आणि कमोडाला अडतं. वॉकर घेऊन आत गेलेल्या माणसाला ते दार पुन्हा लावता आलं नसतं. काकांनी दार काढून पडदा लावला. मी पडद्याकडे नुसती बघत राहिले. त्यांनी पडदा काढला, बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवल्या आणि दार बाहेर उघडेल असं केलं. छान उघडायला लागलं, फक्त कडी बाहेरच्या बाजूला राहिली. स्वतः तपासायला आत गेले आणि वाऱ्याने दार लागून कडी पडली. मिस्त्री जेवायला गेले होते, मी कचेरीत. मिस्त्रींनी परत येऊन त्यांना तासाभराने बाहेर काढलं तेव्हा ते कमोडावर शांत बसलेले होते. "बैठक उत्तम आहे," म्हणाले. "तकलीफ काही न्हाई."

बेलचं काम त्यांनी कुणालाच दिलं नाही. काकूंच्या उशाशी बटण, माझ्या खोलीत घंटी. रात्री-बेरात्री गरज लागली तर मी आहे, हे मीच सुचवलं होतं. तारा जोडल्या, पण कुठेतरी न्हाणीघराच्या दिव्याशी गाठ पडली. दोन दिवस काका न्हाणीत गेले की माझ्या खोलीत घंटी वाजे. मी धावत खाली जायची. आतून आवाज यायचा, "काही न्हाई म्याडम, मीच आहे!"

मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. "बाबा, घर दाखवा." काका पूर्ण झालेली एकच भिंत वेगवेगळ्या बाजूंनी दाखवायचे. मागे पोती, विटा आणि वाळत घातलेल्या गाद्या. एकदा फोन काकूंनी हातात घेतला. "तुमच्या कानावर पेन्सिल न्हाई. काय झालं?" काकांनी कान चाचपला. पेन्सिल पाइपाच्या भोकात अडकवलेली होती, पण ते सांगितलं नाही.

गुरुवारी दांडा लावायची वेळ आली. मिस्त्रींनी न्हाणीपर्यंतच्या भिंतीला चकचकीत पाइप धरला आणि विचारलं, "किती उंचीवर?" काका पुढे झाले, हात सैल सोडला, जिथे मूठ आली तिथे खूण केली. भोकं पडली, पाइप बसला. काका धरून चालून आले. "बराबर!"

मी म्हटलं, "काका, हा काकूंच्या बरगड्यांना येईल."

ते पाइपाकडे बघत राहिले. मग मान वर करून आरशाकडे. तारेकडे. देवघराकडे. फळी उपटली होती तिथल्या भोकांकडे. माणूस स्वतःच्याच घरात पत्ता चुकल्यासारखा उभा होता.

"मग तिचं माप काय?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मीही काकूंपेक्षा उंच.

"फोन करून विचारा," मिस्त्री म्हणाले.

"पलंगावर पडलेल्या बाईला विचारू, तुझा हात कुठं येतो? तिला तरी काय माहीत? हात आपोआप जातो माणसाचा."

असं म्हणत ते पुढच्या दाराकडे गेले, आणि तिथेच थांबले. सोमवारी मारलेल्या सफेदीतून ओघळ वर आला होता. खाली तांबूस, वर पिवळा. जमिनीपासून निघून, चढत चढत एका जागी थांबलेला. तिथे हात टेकून काकू रोज पूर्ण उभ्या राहत असत.

काका तिथे बोट ठेवून मला म्हणाले, "इकडं या, म्याडम. माप सापडलं." मग ओघळावरून बोट खाली आणत, "दर दिवाळीला पुसून राहिलो होतो मी हे."

त्या दिवशी दारामागचा टेप खाली उतरला. ओघळाच्या टोकापर्यंतचं माप घेतलं आणि न्हाणीचा दांडा काढून त्या उंचीवर बसवला. तिथून काका थांबलेच नाहीत. आरसा खाली घेतला, तार खाली घेतली, देव्हारा खाली घेतला, दिव्यांची बटणं खाली आणायला वायरमन बोलावला. फळ्या सगळ्या नव्याने. शेषराव मिस्त्री विचारायचे, "हेबी?" काका म्हणायचे, "हेबी." दोन दिवसांत ते अख्खं घर वीतभर खाली आलं. काकांचं डोकं तारेला आपटायला लागलं आणि प्रत्येक वेळी ते खूश होऊन म्हणायचे, "बराबर लागली."

राहिला उंबरठा.

शनिवारी मिस्त्रींनी करवत आणली, दारापाशी बसले, उंबरठ्यावर हात फिरवला आणि उठले. "काका, दुसरं काहीबी सांगा. यावर करवत न्हाई चालवायचा मी. चाळीस वर्षाचं हळदकुंकू हाय याच्यावर. माझ्या लेकरायला खोकला झाला तं काकूनं याच उंबरठ्यावरून हळद दिली व्हती."

"काढावा तं लागतो, शेषराव. पाय अडखळला तं हाड पुन्हा मोडंल."

"मंग उत्तरपूजा करा, देवाला जा म्हणा, अन् मंग काढतो."

काका बराच वेळ तिथेच उकिडवे बसले. मी मनात हिशेब करत होते. उंबरठा ठेवला तर मुलगा आईला पुण्याला नेणार. काढला तर काकू जिच्यासाठी इथे राहू बघतायत, तीच गोष्ट गेली. माझ्याकडे यावर काही उपाय नव्हता, आणि मला उपाय नसलेली कामं सहन होत नाहीत.

काका उठले. आंघोळ करून धोतर नेसून आले. काकूंचा हळदकुंकवाचा करंडा आणला, उंबरठा पुसला, बोटं लावली. रांगोळीच्या ओळी वाकड्या आल्या. मग मिस्त्रींना म्हणाले, "उत्तरपूजा न्हाई करायची. उत्तरपूजा विसर्जनाला करतात. हे विसर्जन न्हाई. बदली आहे."

"बदली?"

"बदली. म्याडमला विचारा. बदलीनं माणूस संपतो का? ठाणं बदलतं, नोकरी तीच."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इतक्या गंभीरपणे मी कचेरीतही कधी दुजोरा दिला नसेल.

"बदली हाय तं चालतंय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी करवत बाजूला ठेवली. करवत लावलीच नाही. दोघांनी मिळून चौकटीचे सांधे सैल केले, पाचरी काढल्या आणि उंबरठा एकसंध बाहेर घेतला. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने मिस्त्री. पालखी उचलावी तसा. मग काय केलं ते मी पाहिलं, पण आधी रविवार सांगते.

गाडी दुपारी आली. मुलगा आधी एकटा आत गेला. मी आणि काका ओट्यावर उभे. आतून दिव्यांच्या बटणांचे आवाज येत होते, दार उघडल्याचा, दार लावल्याचा. माझ्या खोलीत घंटी वाजली. मग तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. त्याने गाडीचं दार उघडलं आणि आईच्या हातात वॉकर दिला.

काकू हळूहळू दारापर्यंत आल्या. खाली बघत चालायचं शिकवलं होतं, त्यामुळे पहिली नजर खालीच गेली. थांबल्या. चौकटीच्या तळाशी सपाट फरशी.

"उंबरठा कुठंय?"

मुलगा काकांकडे बघायला लागला.

"अहो, मी विचारून राहिले. माझ्या बापाचा उंबरठा कुठंय?" आवाज चढला नाही, बारीक झाला. "उंबरठ्याबिगरच्या घरात पाऊल कसं टाकू मी? असंच राहायचं तं पुणं काय वाईट व्हतं?"

काकांनी आत, दाराशेजारच्या भिंतीकडे हात केला.

ओघळ जिथे संपत होता तिथे, आडवा, भिंतीत जाड खुंट्या घालून उंबरठा बसवला होता. मधला झिजलेला भाग वरच्या बाजूला. काकूंचा उजवा हात वॉकरवरून सुटला आणि न बघता तिथे गेला. बरोबर त्या खोलगट जागी बसला. काकांनी म्हटलं होतं तसाच, आपोआप.

"तुला खाली वाकता येत न्हाई," काका म्हणाले, "म्हणून त्याला वर बोलावून घेतलं."

काकू लाकडावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी काळजीने विचारलं, "आता हे असंच? कायमचं?"

"कायमचं काहून?" काका जवळजवळ रागावले. "सध्यापुरतं! तू वाकायला लागलीस की खाली बसवतो परत."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. त्या दुपारी त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

"करंडा आणा," काकू म्हणाल्या. काकांनी आणला. त्यांनी उभ्यानेच उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, आणि धरून आत आल्या. आरशासमोरून जाताना थबकल्या. "अगं बाई! हनुवटीबी आहे की मला!" मुलगा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग तो उठला, गाडीतून आईची पिशवी आणली आणि आतल्या खोलीत ठेवली.

माझी बदली झाली त्याला आता काही वर्षं झाली. अलीकडे हिंगोलीला बैठक होती, ती आटोपून मुद्दाम वसमतमार्गे आले. काका ओट्यावर एका पंख्याशी बोलत बसले होते. काकू वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. वाकता अजून येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात येणारही नाही. भिंतीवरच्या उंबरठ्याला त्या सकाळचं ताजं कुंकू होतं.

दारातून आत जाताना मी खाली पाहिलं. उंबरठा काढला तेव्हा चौकटीच्या दोन्ही पायांत खाचा राहिल्या होत्या. मिस्त्री त्याच दिवशी त्या सिमेंटने बुजवणार होते. बुजवल्या नव्हत्या. आत धूळ नव्हती, किडा-मुंगी नव्हती. कुणीतरी त्या नेमाने पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवत होतं.